तलासरीच्या पिंजऱ्यात अडकलेला हात

नंदानं फोनवर एवढंच सांगितलं, "दादा, दोन-चार दिवस येऊन जा. हे बोलतच नाहीयेत."

नवरा बोलत नाही म्हणून बायकांनी भावाला बोलावून घ्यायचं ठरवलं, तर निम्म्या महाराष्ट्रातले भाऊ कायम एसटीत दिसतील. पण मला कुठंही जायला निमित्त लागतं, कारण लागत नाही. बार्शीत माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनातली नाटकं बसवणं हा जोडधंदा, आणि लोकांच्या अंगणात, गोठ्यात, कारखान्यात डोकावून "हे कसं करता हो?" असं विचारणं हा छंद. या छंदापायी मी दोनदा चावून घेतलंय. एकदा कुत्र्याकडून, एकदा राजहंसाकडून.

२०१७चा जानेवारी होता. दुकान थोरल्या मुलाच्या गळ्यात घातलं (बायको अडवेल असं वाटलं होतं, तीही मला जा म्हणाली), पिशवीत शेंगांची चटणी आणि कडक भाकरी भरली, नंदा शाळेत शिकवते, तिच्या पहिलीतल्या पोरांसाठी रंगीत मातीचे डबे घेतले आणि डहाणू गाठलं.

वरोर

वरोरला, नंदाच्या सासरी, उतरलं की आधी नाकाला कळतं. समुद्राच्या कडेनं बांबूच्या उंच वलांड्या उभ्या आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले, लग्नघरातल्या तोरणांसारखे. नंतर कानाला कळतं. गल्लीत शिरलात की दर दुसऱ्या-तिसऱ्या ओटीवरून बारीक टिक टिक टिक ऐकू येते. आमच्याकडं संध्याकाळी अशी टिकटिक फक्त पालीची. इथं ती डायवाल्यांची.

हा धंदा मला नंदाच्या लग्नापर्यंत ठाऊक नव्हता, म्हणून सांगतो. दागिन्याच्या पातळ पत्र्यावर फुलं-पानं उठलेली दिसतात ना, ती प्रत्येक दागिन्यावर हातानं कोरत बसत नाहीत. आधी पोलादाच्या ठोकळ्यात ती नक्षी उलटी कोरतात. दागिन्यात जे वर यायचं, ते पोलादात खोल. मग त्यावर पत्रा ठेवून ठोकला की फूल वर. या ठोकळ्याला म्हणायचं डाय. वरोर, चिंचणी, आसपासच्या गावांत घराघरांत हे काम चालतं, आणि मुंबईतल्या बायकांच्या कानातलं वरोरच्या ओटीवर जन्माला येतं, हे त्या बायकांच्या गावीही नसतं.

माझा मेहुणा विलास यातला चांगला कसबी. तिशीपासून पन्नाशीपर्यंत माणूस ओटीवरच्या लाकडी ठोकळ्यासमोर, डोळ्याला भिंग लावून बसलेला. मी त्यांना आमच्याकडच्या रीतीनं दाजी म्हणतो, ते मला दादा म्हणतात. मी पोचलो तेव्हा दाजींनी भिंगातूनच माझ्याकडं पाहिलं, "या दादा," म्हणाले आणि परत खाली बघू लागले. समोर पोलादाचा कोरा ठोकळा होता. छिन्नी हातात होती. टिकटिक मात्र नव्हती.

नंदानं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"कधीपासून असं?"

"मगनभाई येऊन गेले तेव्हापासून. मुंबईचे दागिन्यांचे व्यापारी. त्यांचं सगळं काम हेच करतात ना. ते म्हणाले, विलासभाई, तुमची कोयरी, तुमचं कमळ, तुमची वेल, सगळं बघून झालं. हेच डिझाइन आता कॉम्प्युटरच्या मशीनवर दुपारभरात निघतं. माझ्याकडं नसलेलं काहीतरी दाखवा, नाहीतर मी काम मशीनवाल्याकडं देतो."

"मग?"

"मग काय. शनिवारी येणारेत परत. आणि यांनी बोईसरला एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून बोलून ठेवलंय. मला न सांगता. मला शाळेत शिपाईमामांनी सांगितलं." तिनं बोंबलाच्या कालवणात कोकम टाकलं, जरा जोरातच टाकलं. "नोकरी केली तरी माझं काही म्हणणं नाही, दादा. पण ती ओटी गप्प झाली तर मला या घरात झोप लागायची नाही."

तेव्हा मामला असा होता. आज सोमवार. शनिवारी मगनभाई. मधे एक कोरा ठोकळा.

जेवताना मी दाजींना विचारलं की नवीन डिझाइन शोधता कुठं. त्यांनी मोबाइल पुढं सरकवला. त्यात शेकड्यांनी फोटो. दागिने, दागिने आणि दागिने. सगळे डायवाले एकमेकांना हेच पाठवतात आणि सगळ्यांना सगळं पाठ.

"दाजी, डिझाइन शोधायला डिझाइनच कशाला बघायचं? मी राजाचं नाटक बसवतो तेव्हा राजे बघायला जात नाही. मार्केट यार्डातला अडत्या बघतो. उद्या माझ्याबरोबर बाहेर चला."

"दादा, तुम्ही फिरायला आलाय. फिरायला आलेल्याला सगळंच नवीन दिसतं. मी इथंच जन्मलोय. मी काय बघू? बोंबील?"

"बोंबीलच बघू."

बोलून बसलो खरा. सकाळी नंदाच्या पोरांच्या डब्यातला मातीचा एक गुलाबी गोळा खिशात टाकला आणि दाजींना हाताला धरून किनाऱ्यावर नेलं. माझी योजना साधी होती. जे जे उठावदार दिसेल त्यावर माती दाबायची, ठसा घ्यायचा आणि दाजींच्या नाकासमोर धरायचा. दाजींची योजनाही साधी होती. माझ्यापासून दहा पावलं लांब चालायचं.

वलांडीपाशी हिराबाय नावाच्या बाई बोंबील टांगत होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं आणि थक्क झालो. बोंबलाला गाठ नाही, खिळा नाही, दोरा नाही. एका बोंबलाचा जबडा उघडायचा, दुसऱ्याचा त्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर दोन्ही बाजूंना सोडून द्यायची. दोघं एकमेकांच्या दातांवर लटकलेले. सुटायचं म्हटलं तर दोघंही पडणार.

"हे तर लग्न झालं," मी म्हणालो.

"लग्नात एवढं घट्ट नाय धरत भाऊ," हिराबाय म्हणाल्या. मग मी खिशातून गोळा काढून एका जोडीच्या जबड्यांवर हळूच दाबला, तेव्हा त्यांचा हात थांबला. "काय करता? मेलेल्या माशाला मालिश?"

पलीकडच्या बायका हसू लागल्या. हिराबायनी लांब उभ्या असलेल्या दाजींना ओळखलं. "विलासभाऊ, पाहुणा तुमचाच ना? बरा आहे ना डोक्यानं?"

दाजींनी समुद्राकडं पाहिलं. समुद्रानंही त्यांना काही मदत केली नाही.

मसोली, आणि मग कैनाड

दुसऱ्या दिवशी दाजी स्वतःहून तयार झाले नाहीत. नंदानं त्यांची चप्पल ओटीच्या पायरीवर आणून ठेवली आणि त्यांचा भिंगाचा डबा आपल्या पर्समध्ये घालून शाळेला निघून गेली. माझी बहीण आहे शेवटी.

डहाणू रोडला लागून मसोली. तिथं फुगे तयार होतात हे ऐकल्यापासून माझ्या पायांना कंड सुटला होता. फुगा ही वस्तू कोणी बनवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं; मला वाटायचं जत्रेत ती आपोआप उगवते. एका ओळखीच्या ओळखीनं आम्ही एका शेडमध्ये शिरलो. आत अमोनियाचा असा भपकारा की डोळ्यांना धारा लागल्या. लांब फळ्यांवर फुग्याच्या आकाराचे साचे रांगेनं खिळलेले. फळी उलटी करायची, रंगीत रबराच्या दुधात बुडवायची, वर काढायची, वाळवायची. लाल फळ्या, पिवळ्या फळ्या, निळ्या फळ्या. एक बाई वाळलेल्या फुग्यांची तोंडं ब्रशवर फिरवून गुंडाळत होती. फुग्याच्या तोंडाला ते गोल कडं असतं ना, ते असं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे आता कळावं याची मला लाज वाटली, आणि आनंद त्याहून जास्त झाला.

"उलटं करून बुडवतात बघा, दाजी. तुमच्यासारखंच उलटं काम."

"माझ्या कामाला एवढा वास येत नाही," दाजी रुमालाआडून म्हणाले. मात्र फुग्यांची रांग त्यांनी एका कागदावर पेन्सिलीनं काढली. मी ती पाहिली, पण पाहिली नाही असं दाखवलं.

तिथून कैनाडला. तिकडं नंदाच्या एका सहशिक्षिकेच्या सासऱ्यांची वाडी आहे. पुढं चिकू, मागं मिरची आणि भाजीपाला, कडेनं ताडाची झाडं. सासरे, म्हणजे अण्णा, फार आदबीचे. आमच्याकडं पाहुणा आला की "चहा घेणार का" विचारायची रीत नाही, सरळ कप पुढं येतो. इथं अण्णांनी विचारलं, "चहा, की थोडी ताडी?" सकाळची गोड ताडी होती. मी दाजींकडं पाहिलं. दाजींनी पहिल्यांदा माझ्याकडं जरा आपुलकीनं पाहिलं.

ताडी पिऊन मी चिकूची तोडणी पाहायला गेलो. लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी. फळ आत घ्यायचं आणि हिसका द्यायचा. मला वाटलं सोपं आहे. मी हिसका दिला, फळ जाळीत न येता सरळ माझ्या चष्म्यावर आलं. अण्णांनी चष्मा पुसून दिला आणि म्हणाले, "पहिलं फळ पाहुण्यालाच देतो आम्ही. एवढ्या वरून नाही देत."

झाडाखाली मी चिकूवर माती दाबली. चिकूवर काहीच नक्षी नसते, त्यामुळं गोळ्याला एक सुरेख खड्डा पडला, बाकी काही नाही. नंतर ताडाच्या खोडावर दाबली, मिरचीच्या पानावर दाबली, अण्णांच्या काठीच्या मुठीवर दाबली. सगळे ठसे एका ओळीत कट्ट्यावर मांडून ठेवले आणि जेवायला आत गेलो. तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि ताजी हिरवी मिरची. शेंगांची चटणी मी पिशवीतून काढली, अण्णांनी ती भाकरीवर घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमची चटणी असा मान मिळवतेच.

बाहेर आलो तर कट्ट्यावर शेळी उभी आणि दोन दिवसांचे ठसे तिच्या पोटात. बोंबलाच्या जबड्यासकट.

दाजी स्कूटरला किक मारता मारता बोलले. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते एवढं लांब बोलले. "दादा, राग मानू नका. तुमचं हे सगळं लहान मुलांना ठीक आहे. मगनभाई शेळी नाही. त्याला हातात वस्तू लागते. बोईसरला पहिल्या तारखेपासून या म्हणालेत. शनिवारी मगनभाईला दोन कोयऱ्या दाखवतो, तो नाही म्हणेल, आणि मी सुटेन."

"सुटायचंय तुम्हाला?"

त्यांनी मला मागं बसायची खूण केली. स्कूटर चांगली खड्ड्यांतून नेली.

तलासरी

गुरुवारी मी जाहीर केलं की आज माती न्यायची नाही. आज फक्त उंबाडियू खायला तलासरीला जायचं. ही गोष्ट खोटी नव्हती. नवा गोळा मात्र खिशात होता.

उंबाडियूचं वर्णन केल्याशिवाय पुढं जाणं मला जमणार नाही. थंडीत महामार्गाच्या कडेला शेतात मडकी उलटी घालून जाळ केलेला दिसतो. मडक्यात वालपापडी, रताळी, कंद, हिरवा मसाला आणि रानातला एक वासाचा पाला. तेल नाही, पाणी नाही. मडकं पालथं, जाळ वरून आणि चारी बाजूंनी. सीमेपलीकडचं गुजरात इथून हाकेवर, त्यामुळं विकणारा गुजरातीत हाक मारतो, मराठीत भाव सांगतो आणि शेजाऱ्याशी तिसऱ्याच भाषेत भांडतो. मडकं सरळ केलं की जी वाफ येते, तिच्यापुढं आमच्या हुरड्याला मी क्षणभर विसरलो. बार्शीत हे वाक्य मी बोलून दाखवणार नाही.

पोट भरल्यावर बाजारात शिरलो. आठवड्याचा बाजार होता. सुकी मासळी, लाल मिरच्या, बांगड्या, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या. एका कडेला वारली बायका बांबूच्या टोपल्या, सुपं घेऊन बसलेल्या. त्यातल्या एका प्रौढ बाईंच्या मागं, झाडाच्या फांदीला, लांबट निमुळती अशी एक विणलेली वस्तू टांगली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"विकायचा नाय तो," बाई म्हणाल्या. "पावसातला हाय. ओढ्याला लावतो, मासा आत जातो. घरी नेते दुरुस्तीला."

मासे धरायचा पिंजरा. तोंडाशी रुंद, मागं निमुळता, आणि आत बांबूच्या टोकदार काड्यांचा एक गळा. मासा आत जाताना काड्या वाकून वाट देतात, बाहेर यायला लागला की त्याच काड्या रुततात. मी माझं नेहमीचं "हे कसं करता हो" सुरू करणार, एवढ्यात मागून दाजी पुढं आले.

"आतला गळा वेगळा विणून बसवलाय, का एकच वीण आत वळवलीय?"

प्रश्न दाजींनी विचारला होता. मी गप्प बसलो, हे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही.

"हात घालून बघा," बाई म्हणाल्या. ती काही आज्ञा नव्हती, पण दाजींनी चष्मा सारखा केला आणि मनगटाच्या वरपर्यंत हात आत घातला. चाचपडले. "एकच वीण आहे," म्हणाले. मग हात बाहेर ओढला. हात आला नाही.

पुन्हा ओढला. काड्या रुतल्या. दाजींचा चेहरा पांढरा पडला. उजवा हात होता, छिन्नीचा हात.

"ओढू नका," बाई म्हणाल्या. "मासा पण असाच ओढतो."

आता आजूबाजूच्या बायका उठून आल्या. बाईंनी शेजारणीला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि सगळीकडं हसू पसरलं. "काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हटलं, मोठा गावला. आज कालवण पुरंल."

"शिजायला वेळ लागेल," मी म्हणालो. "वरोरचा आहे, जून आहे."

"तुम्ही गप्प बसा, दादा," दाजी म्हणाले, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. बाईंनी पिंजरा फांदीवरून सोडवून आपल्या मांडीवर घेतला. दाजींना खाली बसावं लागलं. बाई बाहेरून वीण दाबून एकेक काडी फाकवायला लागल्या. घाई अजिबात नव्हती त्यांना. मधे एका गिऱ्हाइकाला सूपही विकलं. दाजींचं नाक पिंजऱ्यापासून वीतभर. सुरुवातीला ते हाताकडं बघत होते. मग विणीकडं बघू लागले.

"दादा," ते म्हणाले, "ती माती आहे का हो खिशात?"

"आज आणायची नाही असं ठरलं होतं."

"आहे का?"

मी गोळा काढला. दाजींनी डाव्या हातानं तो आपल्या उजव्या हाताच्या पिंजऱ्यावर दाबला, सोडवला, उजेडाकडं धरला, मोडला आणि दुसरीकडं दाबला. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आम्ही दोघंही असेच."

"आत पुढं ढकला हात. अजून. आता आणा." हात सुटला. मनगटावर लाल ओरखड्यांचं कडं उमटलं होतं. दाजींनी बोटं उघडून-मिटून पाहिली आणि मोठ्यानं हसले. नंदाच्या लग्नात हसले होते, त्यानंतर मी ऐकलेलं हे पहिलंच. बाईंनी मोबदल्यात दोन टोपल्या आणि एक सूप आमच्या गळ्यात मारलं. त्यांचा तेवढा हक्क होता.

परत येताना मी स्कूटरच्या मागं सूप डोक्यावर धरून बसलो होतो. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

पुन्हा वरोर

शुक्रवारी सकाळी मला जाग आली ती टिकटिकीनं. ओटीवर दाजी, डोळ्याला भिंग, समोर मातीचा गुलाबी ठसा आणि पोलाद. नंदा दाराआड उभी राहून ऐकत होती, गाणं ऐकावं तशी. मला खूण करून तिनं गप्प बसायला सांगितलं.

नेहमी दाजी आधी कागदावर चित्र काढतात, मग ते उलटं करून पोलादावर घेतात. आज कागद नव्हता. थेट मातीकडं बघायचं आणि कोरायचं. दिवसभर उठले नाहीत. दुपारी जेवणही ओटीवर गेलं. उन्हं कलल्यावर त्यांनी हाक मारली, "नंदा, जरा कणीक आण."

डाय कशी उतरली ते बघायला डायवाले मऊ काहीतरी दाबून बघतात. या घरात ते काम पोळीची कणीक करते. दाजींनी लिंबाएवढा गोळा पोलादावर दाबला, उचलला, बघितला आणि ताटलीत ठेवून दिला. भिंग काढलं. डोळे चोळले.

"काय झालं?"

"वाया गेलं."

कणकेवर वीण नव्हती. बांबूच्या काड्या जिथं उठून दिसायच्या, तिथं खोल चरे होते, आणि दोन काड्यांमधली जी रिकामी जागा, ती फुगून वर आली होती.

मला समजायला वेळ लागला, तसा तुम्हालाही लागेल, म्हणून सावकाश सांगतो. दाजींच्या हाताला वीस वर्षांची सवय. डोळ्यांना जे उंच दिसेल, ते हात पोलादात खोल करतो. पण मातीचा ठसा मुळातच उलटा होता. पिंजऱ्याच्या काड्या त्यात खोल गेलेल्या, मधल्या फटी उंच. तो जसाच्या तसा उतरवायचा होता. हातानं सवयीनं तो आणखी एकदा उलटा केला. आणि पोलाद एकदा खोदलं की त्यात परत भरता येत नाही.

"शिकाऊ पोरगा पण असं करत नाही," दाजी म्हणाले. डाय फडक्यात गुंडाळून फळीवर टाकली आणि समुद्राकडं निघून गेले. मी त्यांच्या मागं जाणार होतो, नंदानं अडवलं. ताटलीतला तो कणकेचा गोळा तिनं उचलला, खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला. मग त्यावर वाटी झाकून ठेवली. मला वाटलं पोळीला वापरेल.

शनिवारी मगनभाई आले. पांढरा सफारी, हातात चामड्याची बॅग, बोलणं मऊ. नंदानं पाणी दिलं. दाजींनी दोन कोयऱ्या पुढं ठेवल्या.

"सरस," मगनभाई म्हणाले आणि त्या बाजूला सारल्या. माणूस 'सरस' म्हणून वस्तू बाजूला सारतो तेव्हा काय समजायचं ते समजावं.

दाजींनी कागद काढले. फुग्यांची रांग होती. मगनभाईंनी मान हलवली. मग दोन बोंबील, जबड्यात जबडा. हे दाजींनी कधी काढलं होतं मला ठाऊक नव्हतं, आणि चित्र खरोखर देखणं होतं.

मगनभाईंनी कागद लांब धरला. "विलासभाई, मी कांदा खात नाही. तुम्ही मला मच्छी गळ्यात घालायला सांगता?" मग बॅग ओढून घेतली. "तुमच्या हाताला वाईट म्हणणार नाही. पण बाजार काय मागतो ते मी तरी काय करू? मशीनवाल्याला मी हो सांगितलं नाही अजून. आज संध्याकाळी सांगतो."

"सांगा," दाजी म्हणाले. "मी पण बोईसरला सांगतो."

इतकं शांतपणे बोलले की मला नाटकातले सगळे रडके प्रसंग फिके वाटले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे.

"चहा घेऊन जा मगनभाई," नंदा म्हणाली. ट्रेमध्ये कप होते, फरसाण होतं, आणि ताटलीत तो कणकेचा गोळा. रात्रभरात वाळून कडक झालेला.

मगनभाईंनी फरसाण समजून हात घातला. गोळा बोटांना लागला. उचलला. कप खाली ठेवला.

"भाभी, आ शूं छे? काय आहे हे?"

"मलाही माहीत नाही," नंदा म्हणाली. "यांना विचारा."

"चुकलेलं आहे," दाजी म्हणाले. "द्या इकडे."

मगनभाईंनी दिला नाही. खिशातून आपलं भिंग काढलं. तिरप्या ओळींत बारीक, दोन्ही टोकांना निमुळते दाणे, एकाआड एक कललेले, मधे चऱ्यांची सावली. दाणे दाणे दाणे, कुठं संपतात कळू नये असे. "डाय कुठं आहे?"

दाजी जागचे हलेनात. मी फळीवरून फडकं काढून दिलं. दाजींनी पितळेचा पातळ पत्रा ठेवला आणि ठोकला. पत्रा उचलून मगनभाई उन्हात गेले, एकदा असा धरला, एकदा तसा.

"हे तर तांदूळ," ते स्वतःशीच म्हणाले. "अक्षता. विलासभाई, लग्नाच्या माळेत लावतो मी हे. अक्षता नावानं. कुठून काढलं?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या मनगटावरच्या ओरखड्यांकडं पाहिलं. मासे धरायचा पिंजरा, आणि त्यात एक कांदाही न खाणारा सज्जन गृहस्थ आपण होऊन शिरत होता.

"तलासरीच्या बाजारात सुचलं," दाजी म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मशीनवाल्याला हे नाही सुचणार," मगनभाई म्हणाले. "अशीच कानातली करा, मंगळसूत्राची वाटी करा, बांगडीची पट्टी करा. पुढच्या महिन्यात येतो. पण एकच नको हं. अजून दाखवा. दर खेपेला काहीतरी." चहा पिऊन, मला नमस्कार करून ते गेले. बोंबलाचा कागद मात्र त्यांनी दोन बोटांनी उचलून माझ्याकडं दिला.

त्या संध्याकाळी दाजींनी बोईसरला फोन केला. नंदा भांडी घासायच्या निमित्तानं दाराशी उभी होती. "नाही जमणार साहेब," एवढंच तिला ऐकू आलं, आणि मग तिनं भांडी इतकी वाजवली की पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही.

रविवारी माझी सकाळची गाडी होती. डहाणू रोडला सोडायला दाजी स्कूटर काढणार असं ठरलं होतं. उठलो, आंघोळ केली, पिशवीत नंदानं दिलेले सुके बोंबील तीन कागदांत गुंडाळून ठेवले, आणि ओटीवर आलो. ठोकळ्यासमोर कोणी नव्हतं. स्कूटर नव्हती. नंदाच्या पोरांसाठी आणलेला मातीचा आणखी एक डबा उघडा पडलेला, आत फक्त निळा रंग शिल्लक.

"कुठं गेले?"

"काय माहीत. उजाडायच्या आत गेले. म्हणाले, आज कुडाचं घर बघून येतो, मग खाजणाच्या चिखलातली खेकड्यांची बिळं." नंदा रिक्षावाल्याला फोन लावत होती. "मी म्हटलं, दादाला स्टेशनवर कोण सोडणार? तर म्हणाले, दादांना सांग, मला वेळ नाही."

रिक्षा आली. मी भयंकर अपमान झाल्याचा चेहरा केला, आणि नंदा इतकी हसली की तिला ओटीवर बसावं लागलं.